खून कोणी केला ते कळेपर्यंत

जानेवारीत ब्रॅकनहोप या विलायती खाणगावात दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो. नाताळचं खाणंपिणं अंगावर आलेलं असतं, रस्ते निसरडे झालेले असतात, कोणाच्या घरी जायचं म्हणजे आधी तास दीड तास कोट, मफलर, बूट. मग माणसांनी करायचं काय? टीव्ही बघायचा. आणि रविवारी रात्री नऊ वाजता एखादा चांगला खून असला की सगळा देश कसा सुखावतो. त्यातून तो खरा घडलेला असला तर विचारायलाच नको. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही अक्षरं पडद्यावर आली की लोक पाय पांघरुणात ओढून घेतात आणि बिस्किटांचा डबा जवळ सरकवतात.

त्या वर्षीचा खून ग्लेंडा हेसलॉपच्या मुलीचा होता.

कर्स्टी सतरा वर्षांची होती. चौदा वर्षांपूर्वी, अशाच जानेवारीत, माळावरच्या बसथांब्यावरून ती घराकडे चालत निघाली आणि घरी पोचली नाही. मारणारा सापडला, त्याला जन्मठेप झाली. त्याचं नाव ग्लेंडा कधी घेत नसे, आपणही नको घ्यायला. पण मारणारा एकटा होता, आणि कर्स्टीला नावं ठेवायला अख्खं गाव होतं. वाईट हेतूनं नव्हे, हळहळूनच. एवढ्या अंधारात, गारा पडत असताना, एकट्या पोरीनं चालत यायचं काय कारण? बाप घरात बसलेला, गाडी दारात उभी. एक फोन करायला काय झालं होतं? हट्टी होती पोर. प्यायलेली असेल. वर्तमानपत्रानं तर कोणाच्या तरी वाढदिवसाचा, हातात बाटली असलेला तिचा फोटो शोधून काढून छापला होता.

खरं म्हणजे फोन आला होता. पोलिसांकडे नोंद होती, छोटासाच फोन. ग्लेंडा त्या संध्याकाळी वृद्धाश्रमात कामावर होती, म्हाताऱ्यांना सूप भरवत होती. घरी होता तिचा नवरा क्लिफ. त्यानं कोर्टात सांगितलं, नुसती खरखर ऐकू आली, बोलणं काही कळलं नाही आणि फोन कट झाला. माळावर फोन नीट लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी खोदून विचारलं नाही. गाव एवढंच म्हणालं, मग परत का नाही केला तिनं?

हे ‘परत का नाही केला’ ग्लेंडाच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून टीव्हीची माणसं आली तेव्हा क्लिफची बहीण दार लावून घे म्हणत असताना ग्लेंडानं त्यांना घरात घेतलं. पटकथा लिहिणारी इमोजेन नावाची बाई लंडनहून आली होती. हसरी, मऊ बोलणारी. एक दिवस ती स्वयंपाकघरात ग्लेंडाशी बोलली आणि दुसऱ्या दिवशी मागच्या काचघरात क्लिफशी. तिथे तो भाज्यांच्या प्रदर्शनासाठी लीक, म्हणजे कांद्याच्या पातीसारखी भाजी, वाढवायचा, मनगटाएवढी जाड. ग्लेंडानं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. माझी मुलगी उडाणटप्पू नव्हती, एवढं लोकांना दिसू दे. इमोजेननं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. पुढे लिहिलेलं वाचायला आलं तेव्हा ग्लेंडाला पहिलं पानही वाचवेना. क्लिफ ते घेऊन काचघरात गेला, जेवायच्या वेळी बाहेर आला आणि म्हणाला, ठीक आहे, देऊ या संमतीची सही.

पहिले दोन रविवार झाले. गावात तिच्याशी कोणी अवाक्षर काढलं नाही. ही या लोकांची रीत आहे, जिथे बोलायला हवं तिथे हवापाण्याचं बोलायचं. खाटकाच्या दुकानात ती शिरली की रांग गप्प व्हायची आणि मग कोणीतरी म्हणायचं, आज जरा जास्तच गारठा आहे, नाही? गावाबाहेर मात्र तोंडांना कुलूप नव्हतं. चौदा वर्षांपूर्वीचा निकाल कोणाला आठवत होता? घराघरांतून खुनी कोण यावर पैजा लागत होत्या. काहींना मालिकेतल्या दूधवाल्याचा संशय होता आणि काहींना बापाचा. आणि ग्लेंडानं एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. कर्स्टीचं काम करणारी मुलगी मान मागे टाकून हसायची, फिश अँड चिप्सवर व्हिनेगर ओतताना जीभ दातांत धरायची. तिला बघायला मिळणार म्हणून ग्लेंडा रविवारची वाट बघू लागली होती. तिला याची लाज वाटे, आणि तरी ती पावणेनऊलाच खुर्चीत येऊन बसे.

तिसऱ्या रविवारी क्लिफ जेवला नाही. भाजलेलं मटण, यॉर्कशर पुडिंग, सगळं ताटात तसंच राहिलं. ग्लेंडाला वाटलं, आज ती संध्याकाळ दाखवणार म्हणून याचा घास उतरत नाही. तिनं ताट उचललं.

पडद्यावर बसथांबा आला. गारा, पिवळा दिवा, पोरीची लाल टोपी. पोरीनं फोन काढला आणि ग्लेंडा खुर्चीच्या कडेवर आली. आता खरखर ऐकू येणार आणि फोन तुटणार. मग गावाला दिसेल की पोरीनं प्रयत्न केला होता.

पडद्यावरच्या घरात फोन वाजला. पडद्यावरच्या क्लिफनं टीव्हीवरची नजर न काढता तो उचलला.

“बाबा, बस गेली. मला न्यायला या ना.”

“येतो. एवढं संपू दे. शेवटचा भाग आहे, आत्ता कळेल कोणी मारलं ते. पंधरा मिनिटं थांब.”

“बाबा, खूप थंडी आहे इथे.”

“अगं, येतो म्हटलं ना.”

त्यानं फोन ठेवला. पोरीनं थांब्यावर थोडी वाट बघितली, पाय आपटले, हातांवर फुंकर घातली. मग बाबांना अर्ध्या वाटेत गाठू असं ठरवून ती चालायला लागली. पडदा काळा झाला आणि जाहिराती सुरू झाल्या.

ग्लेंडा ताडकन उठली. ही बाई माझ्या घरात बसून माझा केक खाऊन गेली आणि हे असलं लिहिते? जिवंत माणसावर? उद्याच्या उद्या वकील गाठते म्हणाली, माफी मागायला लावते म्हणाली. मग तिला आठवलं की हे सगळं क्लिफनं आधी वाचलं होतं.

“हे होतं त्यात? तू वाचलंस तेव्हा?”

“होतं.”

“मग काढा म्हणून सांगितलं का नाहीस?”

टीव्हीवर एक कुटुंब कुठल्याशा समुद्रावर उन्हात पळत होतं. क्लिफ तिकडेच बघत होता. “त्यांच्या मनचं नाहीये ते, ग्लेंडा. मीच सांगितलं.”

चौदा वर्षं ती या माणसाच्या पाठीला पाठ लावून झोपली होती. त्याला झोप लागत नाही म्हणून दूध गरम करून देत होती.

“त्या बाईनं विचारलं, तेव्हा तुम्ही काय बघत होता टीव्हीवर?” क्लिफ म्हणाला. “साधं विचारलं गं. पोलिसांनी नव्हतं विचारलं. तूही नाही. तिनं विचारलं आणि मी सांगून टाकलं.”

“तिला सांगितलंस. मला नाही.”

“तोंडच उघडेना माझं. किती वेळा तुझ्यासमोर येऊन बसलो. मग ते छापलेलं वाचलं तेव्हा वाटलं, राहू दे. रविवारी कळेल तुला.”

“सगळ्या देशाबरोबर.”

“हो.”

तो गेला होता म्हणे मग. कार्यक्रम संपल्यावर गाडी काढली, थांब्यापर्यंत गेला, वाटेत कोणीच नव्हतं. कोणा मैत्रिणीच्या गाडीतून आली असेल असं वाटून परत फिरला. हे तो एका सुरात सांगत होता, पाठ केल्यासारखं. इतकी वर्षं मनातल्या मनात घोकलेलं होतं ते.

“मग कोणी मारलं होतं?” ग्लेंडानं विचारलं.

“काय?”

“तुझ्या त्या मालिकेत. कोण निघाला खुनी?”

क्लिफनं आठवून बघितलं. “आठवत नाही,” तो म्हणाला.

जाहिराती संपून पुढचा भाग सुरू झाला. तो बंद करायला दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

सकाळी गावाला कंठ फुटला. तीन आठवडे मूग गिळून बसलेली माणसं आता दारात यायला लागली. शेजारची ब्रेंडा मटणाचं भांडं घेऊन आली आणि उंबऱ्यातच म्हणाली की हद्द झाली, क्लिफसारख्या देवमाणसावर असला आळ घ्यायचा? दुकानात निषेधाच्या सह्या सुरू झाल्या होत्या. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. क्लिफनं गावातल्या दोन पिढ्यांना फुटबॉल शिकवला होता. बर्फ पडलं की म्हाताऱ्यांच्या दारातलं बर्फ तोच ओढायचा. ब्रेंडा पुढे म्हणाली, “आणि गं, कर्स्टीनं नीट फोन केला असता तर हा माणूस अनवाणी पळत गेला असता. आम्हाला माहीत नाही का?”

ग्लेंडानं भांडं घेतलं आणि दार लावलं. रात्रभर तिच्या मनात राग होता, दुःख होतं, पण त्यात एक लहानशी गोष्ट उजेडासारखी होती. पोरीनं फोन केला होता. पोरीनं सांगितल्याप्रमाणे वाट बघितली होती. वेडेपणा केला नव्हता, हट्ट केला नव्हता, पीत बसली नव्हती. चौदा वर्षं ग्लेंडाला जे हवं होतं ते काल सगळ्या देशानं बघितलं होतं. आणि ब्रॅकनहोप ते खोटं ठरवायला सह्या गोळा करत होतं.

ती काचघरात गेली. क्लिफ रिकाम्या मातीपुढे बसला होता.

“आज संध्याकाळी क्लबात जायचं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर सांगायचं. तुझं काय ते नंतर बघू, मला अजून कळत नाहीये. पण तिनं फोन केला होता हे तुझ्या तोंडून गावाला कळू दे.”

“सांगतो,” क्लिफ म्हणाला. आणि त्याचा चेहरा असा सैल पडला की ग्लेंडाला दिसलं, याला मनापासून सांगायचं आहे. तेवढ्यापुरती तिला त्याची कीव आली.

कामगारांचा तो क्लब खाण चालू होती तेव्हापासूनचा. क्लिफ आत शिरला तशी टेबलाटेबलावरची डॉमिनोच्या सोंगट्यांची खडखड थांबली. दोघं तिघं उठून उभे राहिले. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. क्लिफ बारपाशी गेला, टोपी काढली. ग्लेंडा दाराजवळ ब्रेंडाच्या टेबलाशी उभी राहिली.

त्यानं सांगितलं. अडखळत, पण काही न वगळता. फोन नीट ऐकू आला होता, पोरीनं या म्हटलं होतं, मी थांब म्हटलं, मला शेवट बघायचा होता. कोर्टात मी खोटं बोललो. बोलून झाल्यावर त्यानं दोन्ही हात बारवर टेकले.

मग रे नावाचा माणूस उठला. क्लिफबरोबर खाणीत उतरलेला, त्याचा सगळ्यात जुना मित्र. तो येऊन क्लिफच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

“बघा काय करून ठेवलंय माणसाचं,” तो सगळ्यांना म्हणाला. मग क्लिफकडे वळला. “अरे गड्या, चौदा वर्षं तू स्वतःला खात आलायस. आता त्या टीव्हीवाल्यांनी डोक्यात भरवलं आणि तुला ते खरं वाटायला लागलं. होतं असं. माझी आई शेवटी शेवटी असंच करायची.”

“नाही गड्या. मी खरंच...”

“ऐक माझं. तू त्या पोरीसाठी जीव दिला असतास.” रेनं खूण केली आणि बारवाल्यानं बिअरचा भरलेला ग्लास क्लिफच्या हाताशी आणून ठेवला. “गुणी होती कर्स्टी, कोण नाही म्हणतंय? पण हट्टी होती. कोणाचं ऐकणारी नव्हती. अशा पोरीपुढे बाप तरी काय करणार?”

सगळे क्लिफकडे बघत होते. इतक्या मायेनं त्याच्याकडे कोणी कधी बघितलं नसेल. कोणी नाक पुसत होतं, कोणी मान हलवत होतं. क्लिफनं एकदा दाराकडे पाहिलं, ग्लेंडाकडे. मग ग्लासाकडे. आणि त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरून गेलेलं ग्लेंडाला तिथून दिसलं.

“होती,” तो म्हणाला. “हट्टी होती खरी.”

रेनं त्याला जवळ ओढलं. क्लिफनं ग्लास उचलला. हळूहळू आवाज परत सुरू झाले, डॉमिनो खडखडू लागले. एका टेबलावर आज रात्री टीव्हीवर नवीन काय लागतंय त्याची चौकशी चालली होती.

“तिनं फोन केला होता,” ग्लेंडा म्हणाली. कोणी वळून बघितलं नाही, म्हणून ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली, “तिनं फोन केला होता. ती थांबली होती.”

“हो गं बाई, हो,” ब्रेंडा म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.