हे कुणी गोंदलं?

बटण पितळेचं होतं, आणि त्याचा दोरा सुटत आलेला. पोलिसाने तिचं डावं मनगट धरलं होतं, तरी लोणचं विकणारी ओमिने त्याच्या कोटाच्या त्या बटणाकडेच पाहत राहिली — आता हे निखळणार, आणि माझ्या मुळ्यांच्या टोपलीत पडणार...

"हे काय आहे, बाई?"

विहिरीवर मुळे धुवायला तिने बाह्या वर बांधल्या होत्या, एवढंच. कोपराखाली हाताला वेढून दोन काळे पट्टे.

"गोंदण. जुनं आहे, साहेब."

"गोंदायला बंदी आहे, ठाऊक नाही? परदेशी लोक रानटी म्हणतात आपल्याला. जुनं असेल तर परवाना दाखव."

"परवाना? अहो, हे तर तुमच्याच—"

"चोराच्या उलट्या बोंबा! आजच्या आज कचेरीत जा, नाहीतर दंड."

दक्षिणेकडून आलेलं विशीतलं पोर ते. पट्ट्यांचा अर्थ त्याला कळलाच नव्हता. एदोतल्या कुणालाही कळला असता... पण एदोचंसुद्धा आता तोक्यो झालं होतं.

शेजारची ओकायो बादली ठेवून जवळ आली. तिला सगळं माहीत होतं. "सांग की हौस होती म्हणून. फूल गोंदून घ्यायला बसले, दुखलं म्हणून अर्ध्यावर उठले! खरं बोललीस तर पुलाजवळचा भोजनगृहवाला तुझं लोणचं घेईल का उद्यापासून?"

घेणार नाही, हे ओमिनेला कळत होतं. कचेरीपर्यंतच्या वाटेवर ती तेच घोकत राहिली — हौस होती, हौस होती — आणि घोकता घोकता खरी हौस आठवली. सतरा वर्षांची मी, मालकिणीच्या कपाटातला तो जांभळा रेशमी तागा... भूक नव्हती, आजारी आई नव्हती. लोकांना तसं काही सांगितलं की बरं वाटतं. मला तो अंगावर धरून पाहायचा होता, बस. मग चोरीची शिक्षा: तुरुंगाचं अंगण, चटई, एकत्र बांधलेल्या सुया, जखमेत तळहाताने शाई चोळणारा माणूस, आणि समोर बसलेला अधिकारी — तो जांभई देत होता. शाई वाळेपर्यंत तीन दिवस कोठडीत. पुढे बारा वर्षं, उन्हाळ्यातसुद्धा, हात झाकलेला.

कचेरीतला कारकून शिमोमुरा म्हातारा होता, शेंडी नुकतीच कापलेला. पट्टे पाहताच त्याने नजर खाली वळवली. याला कळलं.

"बसा, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कारणापुढे 'हौस' लिहितो. परवाना लगेच मिळेल. कुणाला काही कळायचं नाही."

किती चांगला माणूस... हो म्हणायचं, कागद घ्यायचा, घरी जाऊन मुळे मिठात घालायचे. तिने तोंड उघडलं, आणि तो जांभई देणारा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याची काहीच चूक नव्हती, असं लिहायचं? माझ्या हौसेने गोंदलं म्हणून?

"तशी हौस नव्हती मला."

"बाई, तुमच्याच भल्यासाठी—"

"खाली रकाना आहे ना, कुणी गोंदलं म्हणून? तिथे लिहा, सरकारने."

मागे रांगेतल्या बायका माना उंचावून पाहू लागल्या. शिमोमुराचा कुंचला हवेतच राहिला. "असं लिहिता येत नाही."

"का? खोटं आहे? चोरी मी केली, तेही लिहा. माझं मी लपवत नाही, तुमचं तुम्ही लपवू नका. तेव्हा कायद्याने गोंदलंत, आता कायद्याने रानटी ठरवता — मग दंड कुणी भरायचा, तेवढं सांगा."

त्याने कुंचला खाली ठेवला. मग कागद घेऊन उठला. "साहेबांना विचारून येतो," असं पुटपुटत आत गेला.

ओमिने बसून राहिली. रांगेतल्या बायका हाताकडे बघत होत्या. एकीने पोराला जवळ ओढलं. संध्याकाळपर्यंत भोजनगृहवाल्याच्या कानावर जाईल. जाऊ दे. आजवर ते विचारत आले आणि मी मान खाली घालून उत्तरं देत आले. आज आत, त्या बंद दाराआड, ते उत्तर शोधत होते — आणि मला मुळीच घाई नव्हती.