शाळेच्या आवारातला ठराव

तुळजाने ठराव मांडला तेव्हा अख्ख्या समितीने हात वर केला होता. शाळेच्या आवारात यापुढे पुस्तकातलीच मराठी बोलायची, मुलांनी आणि मोठ्यांनीही. दिघाशीच्या अलीकडच्या एका पाड्यावरची दोन खोल्यांची शाळा ती, आणि तुळजा तिच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. तिची हेमाली पहिलीत. तालुक्याच्या गोष्टींच्या स्पर्धेत पोरीने 'वाघ आला न्हाय' म्हटलं आणि समोरची माणसं फिदीफिदी हसली. ते तुळजाच्या काळजाला लागलं. आपल्या पोरीला पुन्हा कुणी हसायला नको, एवढंच तिला हवं होतं.

गंमत अशी, की ठराव झाला तो गावच्याच बोलीत. "शालंत आपला बोलना बंद म्हंजे बंद," समितीतले वडीलधारे दामूबाबा ठणकावून म्हणाले, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिना गेला. हेमाली शुद्ध बोलायला लागली का? छे. ती बोलायचीच थांबली. घरी नुसती टकळी चालू, पण वर्गात नीरजाबाईंनी काही विचारलं की मान खाली. नीरजाबाई भिवंडी शहरातल्या, वडील कोर्टात कारकून, मराठी अगदी इस्त्रीची. त्यांनीच एके दिवशी तुळजाला गाठलं.

"तुळजाताई, पंधरा दिवसांत तुमची मुलगी वर्गात एक शब्द बोललेली नाही. हा ठराव मागे घेऊया."

"व्हईल सवय, बाई," तुळजा म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचं मन काही थाऱ्यावर राहिलं नाही.

मग बाईंनी समितीची बैठक बोलावली आणि हळूच डाव टाकला. "ठराव आवारासाठी आहे, आणि आपण आवारातच बसलोय. तेव्हा आजची बैठक पुस्तकी मराठीत. कोण सुरुवात करतंय?"

एरवी ग्रामसभा डोक्यावर घेणारे दामूबाबा उठले, "आदरणीय" म्हणाले, खाकरले आणि खाली बसले. समितीतल्याच रूपाला मुलांच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि "काही नाही" म्हणाली. बाईंनी वहीत लिहिलं, विषय नाहीत.

तुळजा उभी राहिली. गोदामात पॅकिंगला जाते ती. तिथल्या सुपरवायझरशी हिंदीत दोन हात करताना ती कधी डगमगली नव्हती. इथे, आपल्याच शाळेत, तिने वाक्य आधी मनात दोनदा जुळवलं. "माझी मुलगी..." एवढं आलं. पुढचा शब्द गावचा होता, तो तिने गिळला. त्याच्या मागचाही गिळला. दहा माणसं बघत होती आणि तोंडातून काही फुटत नव्हतं. आपली सहा वर्षांची पोर रोज वर्गात अशीच उभी असते, आणि तिला तसं उभं आपणच केलंय, हे तुळजाला तेव्हा कळलं. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त स्वतःचा राग आला.

"खड्ड्यात गेला तो ठराव," ती म्हणाली. "माजी पोर मुकी झाली, बाई. घरी बोलते, हितं बोलत न्हाय. हसनारे हसूदेत. तिला आदी बोलू दे, तुमचा बोलना ती मागून शिकंल."

"माजा हात वर हाय," दामूबाबा म्हणाले. पाठोपाठ सगळ्यांचे हात वर गेले. मग टाकीचा विषय निघाला, कुंपणाचा निघाला, आणि बैठक चांगली दोन तास चालली. नव्या ठरावात बाईंनी लिहिलं, की मुलांनी येईल तसं बोलावं आणि पुस्तकातलं त्यावरूनच शिकवावं.

सोमवारी हेमालीला सोडून तुळजा खिडकीशी थांबली. बाईंनी विचारलं, "हेमाली, काल काय केलंस? घरी सांगतेस तसंच सांग."

पोर जरा चाचरली. मग म्हणाली, "आमची म्हस पल्ली." आणि सुटलीच. म्हैस पळून कुणाच्या वाडीत घुसली, बाबा कसे चिखलात बसले, आजीने कुणाला शिव्या दिल्या, सगळं आलं. रस्त्यावर गोदामाची गाडी हॉर्न देत होती. तुळजा हलली नाही.

"छान. आता दुसऱ्यांना सांगू दे हं," बाई म्हणाल्या.

"थांबा ना बाई," हेमाली म्हणाली, "आजून सांगाचा हाय."