स्टेशनच्या जागेवरचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि संशय हा माझा पिढीजात धंदा. मित्रांनो, पातेल्याला कोणी विचारत नाही की तुझा कोणावर विश्वास आहे का. मला मात्र घडवतानाच शिकवले गेले की समोर येणारा प्रत्येक हात चोराचा समजायचा. किल्ली पटली तरच माघार घ्यायची.

इंग्लंडमधल्या विलेनहॉल या कुलपांच्या गावातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला म्हातारा कारागीर मला कानाशी धरून किल्ली फिरवी आणि आतला आवाज मनासारखा आला की नुसती मान हलवी. त्याहून मोठी शाबासकी त्या कारखान्यात नव्हती. पुढे बाजाराच्या गावातल्या एका दुकानातून पर्सी बॉस्टॉक नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले. सहलीला आलेल्या कोणीतरी त्याच्या कुरणाचे फाटक उघडे टाकले होते, आणि त्याच्या गाई थेट चर्चमधल्या लग्नाच्या वऱ्हाडात शिरल्या होत्या.

अशा रीतीने मी हॅझलहर्स्ट गावात आलो. मँचेस्टरचा विमानतळ इतका जवळ की विमानांची पोटे स्पष्ट दिसत. गाई मात्र मान वर करत नसत. कुरणाच्या पलीकडे ओढा होता आणि अलीकडे शेजारी विल्फ लीचचे शेत. त्याच्या गाईंना ओढ्यावर जायला याच फाटकातून वाट. म्हणून पर्सीने माझ्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याला दिली.

"वापर. दर वेळी मला हाका मारत बसू नकोस," तो म्हणाला.

पर्सी गेला, त्याची बायको एनिड एकटी शेती पाहू लागली, तरी तो रिवाज मोडला नाही. सकाळी विल्फची किल्ली, संध्याकाळी एनिडची. दोघांचे हात मी न बघता ओळखत असे. विल्फ एका झटक्यात उघडी. एनिड बंद केल्यावर मला एकदा ओढून बघे आणि म्हणे, "घट्ट आहेस ना?" मी घट्टच असे.

मग स्टेशनची गोष्ट निघाली. लंडनहून एक अतिवेगवान रेल्वे येणार होती, आणि विमानतळाकडे जाणाऱ्यांसाठी तिचे स्टेशन नेमके एनिडच्या कुरणावर होणार होते. गावच्या सभागृहात नकाशा लागला. तिथे काय झाले ते विल्फने परत येताना फाटकाशी थांबून सगळ्यांना नक्कल करून दाखवले.

"एनिडनं विचारलं, ही निळी पट्टी कसली? तो रेल्वेचा साहेब म्हणाला, गाड्या थांबायची जागा. तर ही म्हणते, ती माझ्या गाई थांबायची जागा आहे."

"हसतोस काय?" एनिड म्हणाली. "तुझ्या गाईसुद्धा तिथूनच जातात."

"त्यांची लंडनला जायची सोय झाली की."

एनिड हसली नाही. त्या दिवसापासून तिने ठरवले, रेल्वेच्या माणसाला कुरणात पाय ठेवू द्यायचा नाही. गावात कोण जमीन विकणार, कोणी आधीच विकली, याची कुजबुज सुरू झाली. कोणी नवी मोटार घेतली की लोक एकमेकांकडे बघत. कोणी कोणाला ताकास तूर लागू देत नव्हते. एनिड आता मला दोनदा ओढून बघू लागली. खरे सांगतो, माझी छाती फुगली. माझा स्वभाव आता सगळ्या गावाचा झाला होता.

आणि एका दुपारी ती दोन माणसे आली. एनिड बाजाराला गेली होती. मागे गाडीवर जमिनीत भोके पाडण्याचे यंत्र. त्यांच्याकडे मोजणीचा परवाना होता, पण मालकिणीला आधी कळवायचे राहून गेले होते. मी सर्व बळ एकवटून घट्ट बसलो. एकाने माझ्याकडे पाहिले आणि तो फाटकाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मित्रांनो, तिकडे फाटक दोन खुंट्यांवर नुसते बसवलेले होते. दोघांनी ते उचलून खुंट्यांवरून काढले, फाटक खांबाला बांधणाऱ्या माझ्याच साखळीवर दारासारखे फिरवले, यंत्र आत नेले आणि फाटक पुन्हा जागेवर टेकवले. मला कोणी बोटही लावले नाही.

एनिड परतली तेव्हा कुरणात पिवळी जाकिटे आणि चिखलाचे ढीग. तिने धावत येऊन मला ओढले. मी बंद. विल्फ कुंपणापलीकडे गवत कापत होता. तिने त्याला बोलावले.

"किल्ली कोणी दिली त्यांना?"

"कसली किल्ली?"

"कुलूप तुटलेलं नाही, विल्फ. किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात आहे."

"मी नाही दिली."

"मग ते काय आभाळातून उतरले?"

"विमानतळ जवळ आहे, काय सांगावं," विल्फ म्हणाला. त्याला वाटले ती हसेल. तिने हात पुढे केला.

"किल्ली दे."

मग त्याने खिशातून किल्ली काढली, पण तिच्या हातावर ठेवली नाही. फाटकाच्या आडव्या दांडीवर ठेवली आणि निघून गेला. मी ओरडून सांगायला हवे होते, पण कुलपाला तोंड असते ते फक्त किल्लीपुरते.

त्यानंतर विल्फच्या गाई मोठ्या रस्त्याने लांबच्या वळशाने ओढ्यावर जाऊ लागल्या. तिथे विमानतळाच्या मोटारींची रांग. एकीला गाडीचा धक्का लागला, तेव्हा त्याने उरलेल्या विकून टाकल्या. दुकानवाल्या म्युरिएलजवळ त्याला फाटकासमोरच बोलताना मी ऐकले.

"कळतं मला सगळं. हिचं आतून ठरलंय त्यांच्याशी. भाव चढावा म्हणून हे कुलूपबिलूप."

"एनिड तसली नाही रे," म्युरिएल म्हणाली.

"मीही तसला नव्हतो."

एनिड कुरण वापरेनाशी झाली. मला तर ती विसरलीच. पावसात माझ्या पोटात पाणी साचले, कडी गंजली, वेलीने मला गुंडाळले. दोन घरे रेल्वेला विकून लोक निघून गेले, त्यांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या.

मग बातमी आली की रेल्वेचा हा भागच रद्द. खर्च हाताबाहेर गेला होता म्हणे. फाटकाजवळून जाणाऱ्या एनिडला म्युरिएल धापा टाकत सांगायला आली आणि म्हणाली, "आता तरी जा विल्फकडे."

"स्टेशन रद्द झालं," एनिड म्हणाली. "त्यानं केलं ते कसं रद्द होईल?"

पुढच्या वसंतात तीच दोन माणसे मागच्या मोजणीत जमिनीत पुरलेल्या नळ्या काढायला आली. या वेळी आधी कळवून. एनिड किल्ली घेऊन फाटकाशी आली. किल्ली माझ्यात शिरली, पण फिरेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

"राहू द्या बाई, हात कापेल," त्यातला थोरला म्हणाला. "मागच्यासारखं पलीकडून उचलतो."

"मागच्यासारखं म्हणजे?"

"खुंट्यांवरून. कुलपाला आम्ही हात लावत नाही, उगाच नुकसानीची तक्रार होते."

त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत फाटक उचलून फिरवले. एनिड म्हणाली, "ही साखळी तोडून द्या मला."

मला एप्रनच्या खिशात घालून ती विल्फच्या स्वयंपाकघरात गेली. तो बटाटे सोलत होता. तिने मला टेबलावर ठेवले.

"काय आहे?"

"कुलूप. फिरत नाही."

"स्टेशन गेलं म्हणून आलीस?" त्याने सुरी खाली ठेवली नाही.

"त्यांनी फाटक खुंट्यांवरून उचललं होतं, विल्फ. आज पुन्हा उचललं. मी पाहिलं. तुझी किल्ली नव्हती."

त्याने एक बटाटा पुरता सोलला.

"तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं होतं."

"नाही. तू किल्ली मागितलीस."

एनिड खुर्चीवर बसली. ती रडली नाही, पण एप्रनची कड बोटांत गुंडाळत राहिली. विल्फ उठला, फडताळातून तेलाची बाटली काढून माझ्या तोंडात दोन थेंब सोडले. थोड्या वेळाने किल्ली कुरकुरत फिरली.

"मीही काही चांगला नाही," तो मला पुसत म्हणाला. "मला वाटायचं, तू विकून बसलीयेस."

"कोणाला बोललास?"

"म्युरिएलला."

"म्हणजे गावाला," एनिड म्हणाली. "चहा टाक."

आता फाटकाला कुलूप नाही, गवताच्या गठ्ठ्यांची दोरी बांधलेली असते. विल्फने दोन कालवडी घेतल्या आहेत. आत शिरण्याआधी तो अजून खाकरतो, पूर्वी खाकरत नसे. आणि त्याचे खाकरणे ऐकून एनिड अजून एकदा खिडकीतून बघते. मी विल्फच्या खिडकीत उघडाच पडून असतो आणि दोघांना पाहतो.

मित्रांनो, कुलपांची निगा राखा, अधूनमधून तेल घाला, एवढी माझी विनवणी आहे. पण कुलूप शाबूत दिसले म्हणून माणसाला चोर ठरवू नका. मला फक्त माझ्यापुरते ठाऊक असते. बाकीचे त्या माणसाला विचारा, आणि विचारताना हात पुढे करू नका.