हरणाऱ्याने यायचं

वादात जो हरेल, त्याने पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या घरी यायचं, असा आमच्या ह्यांचा आणि त्यांच्या मित्राचा नियम होता. जिंकलेला घरी पायावर पाय टाकून बसणार, हरलेला दोन गल्ल्या तुडवत येणार. पोरकटपणा नुसता! पण निवृत्त पुरुषांना काहीतरी चाळा लागतोच.

आमचे हे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचे मित्र मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजून हद्दीची भांडणं मिटवण्यात त्यांचा जन्म गेला. मी त्यांना भावजी म्हणायची. दोघांचे विषय काय, तर माणसाच्या हातात खरंच काही असतं का, आणि खोलीत कोणी नसताना खुर्ची तिथेच असते का. "असते हो," मी म्हणायची, "पुसते ना मी रोज." पण हरलो हे ज्याचं त्याने कबूल करायचं, आणि दोघंही करायचे. तेवढं मात्र मला आवडायचं.

त्या रविवारी भावजी आमच्याकडे आले होते. चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, "मास्तर, खरं सांग, तुझ्या शास्त्राने आजवर एक तरी प्रश्न निकाली काढलाय? मी संध्याकाळपर्यंत हद्दीचा दगड रोवून मोकळा व्हायचो. तुमचे लोक पिढ्यान्पिढ्या त्याच बांधावर भांडतायत."

आणि हसले. ह्यांना ते झोंबलं. एरवी भावजींचं काहीही चालायचं, त्या दिवशी नाही चाललं. "काढलाय, आणि तुला सिद्ध करून दाखवतो," म्हणाले. चहा गार झाला, आवाज चढले, पण हरलो कोणीच म्हणेना. भावजी उठून गेले.

पुढच्या रविवारी कोणी कोणाकडे जायचं? हरलंच नव्हतं कोणी. घोडं तिथेच अडलं.

"अहो, सहज जाऊन या ना," मी म्हटलं.

"गेलो म्हणजे हरलो."

"मग हरा एकदा!"

"खोटं हरू?"

कपाळ माझं! जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग पडला. कांदा चिरायला जागा उरली नाही. निकाली निघालेला एक तरी प्रश्न शोधायचा, म्हणून हे दिवसभर लिहायचे आणि संध्याकाळी तेच फाडायचे.

मग भाजीच्या दुकानात वहिनी भेटल्या, भावजींच्या मिसेस. भावजींचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी जिना बंद केलाय, म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एवढा मुद्दा पुरा होऊ दे. तसाच काय तोंड घेऊन जाऊ?"

आठवडाभराने वहिनींचा फोन आला. "हे म्हणतायत, मास्तरांना सांग, मी हरलो. नियमाने मीच यायला हवं, पण जिना उतरवत नाही. तेवढी सूट द्या म्हणावं."

भावजींसारखा माणूस एका भेटीसाठी सपशेल हरायला तयार झाला होता! मी फोनवर हात ठेवून ह्यांना सांगितलं, तर हे लालबुंद. "असा कसा हरतो? माझा मुद्दा ऐकलाय का त्याने? दया दाखवतोय मला! सांग त्याला, कारण दिल्याशिवाय हार चालत नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. मी हे कसलं सांगतेय? "येतील हं," म्हटलं आणि फोन ठेवला. मग दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. त्याचाही काही उपयोग झाला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

भावजी एका सकाळी गेले. आदल्या दिवसापर्यंत दाराकडे तोंड करून बसायचे, असं मागाहून कळलं. शेवटचा निरोप देताना हे सगळ्यांच्या मागे उभे होते.

पुढच्या रविवारी ह्यांनी स्वतःच शर्टाला इस्त्री केली. टेबलावरचे कागद तसेच ठेवले आणि निघाले. मीही मागोमाग गेले. तो जिना चढताना ह्यांना तीनदा थांबावं लागलं.

वहिनींनी दार उघडलं. हे उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वहिनी, मी हरलो. म्हणून आलो."

वहिनी कधी कोणाशी वर मान करून बोलणाऱ्या नव्हेत. त्या दिवशी मात्र सरळ ह्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मास्तर, आमचे हे तर तुमच्या आधीच हरले होते. मी कळवलं होतं तुम्हाला. आता दोघंही हरलात, मग जिंकलं कोण?"

जन्मभर वर्गात बोललेला माणूस त्या पायपुसण्यावर उभा राहून लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्यांचा इतका राग आला होता, इतका, की काय सांगू. तरी मी त्यांचा हात धरला.