कानामागचा आकडा

बेचाळीस वर्षांची झाली, हाताखाली सहा माणसं आली, निम्मे केस पांढरे झाले, तरी घरात ती धाकटीच. बाहेर लोक तिला मॅडम म्हणत. ती डोक्यातल्या पाण्याचे व्हॉल्व्ह बनवायची. म्हातारपणी काहींच्या मेंदूत पाणी साठतं. मग पावलं उचलत नाहीत, नावं आठवत नाहीत, चांगला खमका माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहतो. अशा वेळी डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालतात आणि कानामागे घेवड्याच्या बीएवढा व्हॉल्व्ह बसवतात. त्यावर एक ते दहा आकडे. लहान आकड्यावर पाणी जास्त निघतं, मोठ्यावर कमी. आकडा बदलायला पुन्हा कापाकापी लागत नाही, डॉक्टर बाहेरून चुंबकाची किल्ली फिरवतात.

धाकटीची खरी करामत कुलपाची. जुन्या व्हॉल्व्हचा आकडा कुठल्याही सटरफटर चुंबकाने हलायचा. हिच्या व्हॉल्व्हला दोन खिट्ट्या होत्या. दोन्ही एकाच वेळी विरुद्ध दिशांना ओढल्या तरच सुटणार, आणि ते फक्त त्या किल्लीला जमणार. एकाच बाजूने चुंबक आणला तर उलट जास्तच घट्ट बसणार. ही अक्कल मुळात बाबांची. बाबा तीस वर्षं लिफ्ट इन्स्पेक्टर होते. दार नीट लागल्याशिवाय लिफ्टला जागचं हलू न देणारं कुलूप त्यांनी तिला ती दहा वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर दोन चमचे घेऊन समजावून सांगितलं होतं.

समजावून सांगायचे, पण शाबासकी द्यायचं नाव नाही. आयुष्यभर दोष शोधून पोट भरलेला माणूस, तो घरीसुद्धा तपासणीला आल्यासारखाच वागायचा. तिचा पदवीचा फोटो भिंतीवर लावला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत असताना बाबा म्हणाले होते, "डावीकडे कललाय."

तिचा व्हॉल्व्ह आजवर चाळीस जणांना बसवला होता, आणि चाळिसावे बाबा. शहात्तर वर्षांचे बाबा तीन महिन्यांपूर्वी खुर्चीतून उठून चालायला लागले, तेव्हा धाकटी दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडली होती. त्यानंतर कामाच्या रगाड्यात तिचं घरी येणं फोनवरच भागलं.

तीन महिन्यांनी एका रविवारी ती जेवायला आली. पाणी घ्यायला फ्रीजपाशी गेली, तर दारावर टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाने एक कागद लावलेला. आईचं अक्षर. सोमवार, मंगळवार: मी, तीन. बुधवार: आत्या, पाच. गुरुवार: दादा, आठ. शुक्रवार: सुट्टी. शनिवार: सेक्रेटरी, दहा. रविवार: सगळे मिळून, सहा.

"आई, हे काय आहे?"

"बाबांचं वेळापत्रक," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आधी फार भांडणं व्हायची गं. आता प्रत्येकाला वार ठरवून दिलाय."

"पण हे आकडे कसले?"

आईने पिठाच्या बोटाने टोमॅटो दाखवला. मग स्वतःच्या कानामागे हात नेऊन दोनदा गोल फिरवला.

धाकटीने हातातला ग्लास तसाच ओट्यावर ठेवला.

चूक कोणाची, हे कळायलाही वेळ लागला नाही. कंपनीच्या वकिलाच्या आग्रहावरून रुग्णांच्या घरी एक सूचनापत्र दिलं जायचं. ते धाकटीनेच लिहिलं होतं, तेही कुलूप तयार व्हायच्या आधी. त्यात चित्र होतं, बाण होते आणि ठळक अक्षरात लिहिलं होतं: कानामागे चुंबक धरून गोल फिरवू नये, त्याने आकडा बदलू शकतो. कुठल्या आकड्याने माणसात काय फरक पडतो, तेही तिने मोठ्या हौसेने खाली लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी ते एखाद्या नव्या मिक्सरच्या पुस्तकासारखं वाचलं. त्यातला 'नये' कुणाच्याच खिजगणतीत नव्हता.

"अगं, तीनवर किती छान असतात ते!" आई म्हणाली. "माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात. मध्ये तोंड घालत नाहीत. भाजी चिरून देतात. पन्नास वर्षांत पहिल्यांदा!"

"आठवर माझ्या दुकानात येतात," दादा म्हणाला. दादाचं सोफ्यांचं दुकान होतं. "प्रत्येक सोफ्यावर बसून बघतात. 'नाव काढलंस' म्हणतात."

बाबांची थोरली बहीण, ऐंशीची आत्या, काठीवर हनुवटी टेकून बसली होती. "पाचवर त्याला लहानपण आठवतं. आमच्या वडिलांचा चष्मा ह्याने फोडला आणि मार मी खाल्ला होता. अडुसष्ट वर्षं कबूल केलं नाही मेल्याने. परवा पाचवर ठेवला, तर माझा हात धरून रडला."

"आणि सेक्रेटरी?"

"इमारतीचे सेक्रेटरी," आई म्हणाली. "दहावर हे फार भांडतात. शनिवारी लिफ्टचा कंत्राटदार येतो ना, त्याच्यासमोर उभं करायला नेतात. वेळेवर परत आणून देतात हो."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाणी एकदम जास्त निघालं तर मेंदूत रक्तस्राव होतो! माणूस जातो! कळतंय का तुम्हाला?"

"म्हणूनच आम्ही हळू फिरवतो," आत्या म्हणाली.

एवढा वेळ बाबा टेबलापाशी मान खाली घालून जेवत होते. त्या दिवशी ते सगळ्यांचे मिळून सहा होते. ते म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." आई म्हणाली, "बघ, सहावर हे असे."

धाकटीने टोमॅटो पर्समध्ये टाकला आणि जेवण अर्धं सोडून तडक कारखाना गाठला. तिथे रविवारच्या पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. तिने व्हॉल्व्हचा एक नमुना मिठाच्या कोमट पाण्यात ठेवला, अंगात असतो तेवढ्याच उबेला, आणि वरून टोमॅटो फिरवला. सावकाश, जोरात, उजवीकडून, डावीकडून, दोनशे वेळा. आकडा रेसभरही हलला नाही. नमुना हलत नव्हता आणि बाप मात्र तीन, पाच, आठ, दहा असा सगळीकडे फिरून येत होता. म्हणजे नमुन्यात नाही तो दोष माणसाच्या डोक्यात गेल्यावर निर्माण होत असणार. कुलूप एका टोमॅटोने उघडत असेल, तर चाळीसच्या चाळीस डोकी पुन्हा उघडावी लागतील. आणि बाबांना दुसरी भूल सोसणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आपण वडिलांच्या डोक्यात काय बसवून ठेवलं, या विचाराने तिला तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या, हुंदका फुटला.

सोमवारी सकाळी ती बाबांना घेऊन दवाखान्यात गेली. वेळापत्रकाप्रमाणे सोमवार आईचा होता, त्यामुळे आईने आधी थोडी कुरकूर केली. कवटीचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"सहा," ते म्हणाले. "बसवला तेव्हा सहा, आजही सहा. काट्याला कुणी हात लावलेला नाही. कुलूप झकास आहे हो तुमचं."

धाकटीला डॉक्टरांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. चाळीस डोकी वाचली होती, बाबा वाचले होते. त्या आनंदात बाहेर बाकावर येऊन बसेपर्यंत दुसरी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. ध्यानात आली, तेव्हा ती हळूच बाबांकडे वळली. बाबा समोरच्या लिफ्टकडे बघत होते.

"बाबा, तुम्ही तीन महिने सहावरच आहात."

"असणारच. कुलूप माझं आहे. टोमॅटोने उघडायला ते काय खोक्याचं झाकण आहे?"

"मग हे सगळं नाटक?"

बाबांनी लिफ्टकडे बोट केलं. एक बाई आत उभी राहून दार बंद करायचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. दार आपल्या वेळेने बंद झालं.

"आमच्याकडच्या कितीतरी लिफ्टमध्ये ते बटण कशालाच जोडलेलं नसायचं," बाबा म्हणाले. "मी नवीन होतो तेव्हा दोष म्हणून लिहून एका इमारतीतलं काढायला लावलं. महिनाभर तक्रारी. लिफ्ट तीच, वेग तोच, पण लोक म्हणे आता फार हळू चालते. शेवटी परत बसवलं. तेव्हापासून कानाला खडा."

"आणि दादाचे सोफे?"

"भिकार आहेत. पण पोरगा मेहनती आहे. ते मला एरवी सांगता आलं नसतं. आठवर आहे म्हटल्यावर तोंडातून निघालं."

"आत्यासमोर रडलात ते?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ते नाटक नव्हतं," ते म्हणाले. "चष्म्याचं तिला सांगायचं मनात होतंच. इतकी वर्षं तोंड उघडेना. ती टोमॅटो घेऊन आली आणि म्हणाली, आता तू पाचवर आहेस. म्हटलं, चला, सुटलो एकदाचा."

धाकटीला हसू येत होतं. कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता: वर्तनातील बदलाचे कारण. तिने पेन काढलं. "इथे काय लिहू?"

"आकडा सहा, एवढंच लिही. आणि घरी सांगू नकोस. बटण काढलं की तक्रारी येतात."

तिने तेवढंच लिहिलं. घरी येऊन टोमॅटो फ्रीजवर परत लावला आणि आईला एवढंच म्हणाली, की डॉक्टरांनी तपासलंय, हळू फिरवत असाल तर हरकत नाही. आईने ताबडतोब भाजीची टोपली बाबांच्या पुढ्यात ठेवली.

निघताना बाबा तिला दारापर्यंत सोडायला आले. "त्या कागदावर तुझं नाव नाही," ते म्हणाले, आणि ती काही बोलायच्या आत भाजी चिरायला परत गेले.

सगळा आठवडा तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. शुक्रवारी ती कामावरून लवकर निघाली. आई आत्याकडे गेली होती. बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुकांवर लाल पेनने गोल करत बसले होते. धाकटीने फ्रीजवरच्या कागदावर 'सुट्टी' खोडली आणि तिथे 'मी' लिहिलं. मग टोमॅटो काढून ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यातून काहीच होत नाही हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे, हे बाबांना माहीत होतं. तरी तिने टोमॅटो वर उचलला.

बाबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि मान थोडी झुकवून उजवा कान पुढे केला. "कितवा?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "असेल तो." आणि तिने दोनदा गोल फिरवलं.

बाबा समोर बघत राहिले. तीस वर्षं प्रत्येक कागदावर सही करताना जो आवाज लावायचे, तो त्यांनी लावला.

"कुलूप तपासलं. दोष आढळला नाही."

धाकटीचे डोळे भरून आले. तिला विचारायचं होतं, बाबा, हे खरं, की सोफ्यांसारखं? पण ते कसं विचारणार? ती नुसती उभी राहिली, टोमॅटो तसाच त्यांच्या कानामागे धरून.

"चुंबक मात्र उलटा धरलायस," बाबा म्हणाले. "देठ टोचतंय."