कोळी ओढणारीच्या मिशा

देवळीच्या रस्त्याला, कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मी ती गांधीलमाशी पकडली. अंग काळं कुळकुळीत, शेंदरी पंखांना टोकाशी काळी किनार, मागचे पाय लांब आणि काटेरी. आपल्याहून जड कोळी धरून ती उलटी चालत ओढत नेत होती. कोळी मेला नव्हता, नांगीनं लुळा पडला होता. मी कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा शिपाई. किडे पकडून आणणं माझंच काम. पण काळ्या किनारीची ही मी कधी पाहिली नव्हती.

प्राध्यापक वासुदेवराव खूश झाले. "पुण्याच्या विज्ञान मासिकाला पाठवू. टाचणीखालच्या चिठ्ठीवर पकडणारा म्हणून तुझं नाव टाकतो."

मला तेवढंच हवं होतं. पंधरा वर्षं त्या इमारतीत माझं नाव 'अरे ए'. गेल्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन आलो, तरी हाक तीच. टाचणीखाली 'हरिदास' लागलं की कुणाच्या बापाला खोडता येणार नाही, असं मी बायकोला, सुलोचनेला, सांगून बसलो.

टाचणी लावताना साहेबांच्याच बोटानं माशीच्या डोक्यावरच्या मिशा मोडल्या. त्यांनी दुसऱ्या माशीच्या काढून डिंकानं चिकटवल्या.

"साहेब, कोळी ओढते ते मादी. मेल्यावर तिच्या मिशा गुंडाळतेत. ह्या सरळ हायेत, नराच्या. पुण्यातले ओळखतीन."

"तुला कोणी विचारलं? फळा पूस."

फळा पुसता पुसता चिठ्ठी वाचली. पकडणारा: वासुदेवराव. पण पोटासाठी गिळलं.

दोन महिन्यांनी पुण्याचं पत्र आलं. मिशा चिकटवलेल्या, नमुना बनावट; हे कोणी केलं ते कळवा, अंकात छापू.

साहेबांनी मला बोलावलं. "हरिदास, बस." पंधरा वर्षांत पहिल्यांदा नावानं. मग लिहिलेलं उत्तर वाचून दाखवलं: नमुना शिपाई हरिदास यानेच पकडला, त्यानेच लावला, आमची फसवणूक केली.

"मिशा तुमीच लावल्या साहेब."

"कोण मानेल? आणि नाव हवं होतं ना तुला?"

अंक आला. लपवायला म्हणून घरी नेला, तर सुलोचना दारातच उभी. तिला अक्षरओळख नाही.

"आलं नाव?"

"आलं."

माझ्या हातून अंक हिसकून ती शेजारी ओरडली, "पाह्य वं जिजाबाई, यायचं नाव छापून आलं!"

जिजाबाई नुकतीच प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती. तिनं माझ्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत, मोठ्यानं, पुढचं वाचायला लागली.