पाण्याचं विरजण

मार्गशीर्षातलं ऊन साताऱ्यात दबक्या पावलांनी येतं. आधी अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर केशर सांडतं, मग कौलांवर, मग गच्च्यांवर, आणि सरतेशेवटी रणदिव्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत, खिडकीच्या गजांमधून, सोनसळी, सुकुमार, संथ उतरतं. तिथे एक काचेची टाकी होती. दिवाळीपर्यंत त्या उन्हात तिथे माणकं पोहत होती, पोवळी पोहत होती, काळ्या मखमलीचा एक टपोऱ्या डोळ्यांचा सरदार शेपटीचा शेला सावरत मिरवत होता. आता टाकी रिकामी होती. ऊन तिच्यात उतरायचं आणि कुणीच घरी नसल्यासारखं परत फिरायचं.

हे झालं होतं हेमलताबाईंच्या हातून. त्या निर्मळ, नेटक्या, निष्पाप हातांतून.

हेमलताबाईंचं घर म्हणजे लखलखाट. तांब्याच्या घंगाळानं सूर्याला डोळा मारावा, फरशीनं छताला रूप दाखवावं, आणि धुळीनं पाहुणी म्हणूनसुद्धा उंबरा ओलांडू नये, असा त्यांचा दरारा. दिवाळीच्या आवरासावरीत, यजमान मुकुंदराव भावाकडे वाईला गेलेले असताना, त्यांची नजर टाकीकडे वळली. खड्यांवर तपकिरी चिकटा, पाणी गाळणारा स्पंज काळाकुट्ट. बाईंनी पदर खोचला. मासे बादलीत, पाणी मोरीत, खडे उन्हात, स्पंज उकळत्या पातेल्यात, आणि टाकीत नळाचं कोरं करकरीत पाणी. मुकुंदराव परतले तेव्हा टाकी दिसतच नव्हती, नुसते मासे हवेत तरंगताना दिसत होते.

"वा! स्फटिक केलंस की, हेमा!" ते म्हणाले.

त्या स्फटिकात एकेक माणिक विझलं, एकेक पोवळं विझलं, आणि सगळ्यांत शेवटी सरदारानं शेला खाली टाकला. मुकुंदरावांनी त्यांना जास्वंदीच्या कुंडीत निजवलं आणि "म्हातारेच झाले होते बिचारे," असं तोंडभर खोटं बोलले. त्यांनी रागावून घेतलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. पुढे त्यांनी हळूच विचारलं, "नवे आणायचे का?" तेव्हा बाई हातांकडे बघत म्हणाल्या, "नको. माझ्या हाताला यश नाही. या हातात पुन्हा जीव देऊ नका." आणि ज्या बाईंनी उभ्या जन्मात कामाला नाही म्हटलं नव्हतं, त्यांनी तुळशीला पाणी घालायचं कामसुद्धा नवऱ्यावर सोपवलं.

खालच्या मजल्यावर शमीमभाभींची टाकी. विहिरीसारखी हिरवी, गूढ, गढूळ; तिच्यात मासे होते हे घरच्यांच्या सांगण्यावरून मानायचं. "भाभी, यात मासे आहेत की पालकाची भाजी?" असं हेमलताबाईंनीच एकदा चारचौघींत विचारलं होतं. पण त्या पालकात मासे वर्षानुवर्षं मजेत होते. हे कोडं बाईंना खाऊ लागलं. दिवसभर त्यांनी अभिमानाशी झटापट केली, आणि आभाळ जांभळं झालं तेव्हा त्या जिना उतरल्या.

"अगं बाई, हेमलताताई! दारात का उभ्या? या की आत."

"भाभी, हसू नका. तुमचे मासे जगतात कसे?"

सगळी हकिगत ऐकून शमीमभाभींनी कपाळावर हात मारला. "ताई, तुम्ही घाण नाही धुतली, विरजण धुतलंत! त्या चिकट्यात बारीक जीव असतात. माशांची घाण तेच पचवतात. दह्याचं भांडं उकळून घासून ठेवलं, तर नुसत्या दुधाचं दही लागतं का?"

चाळीस वर्षं ज्यांच्या दह्यावर कवडी उभी राहावी, त्या हेमलताबाईंना हे कळायला अवघड नव्हतं. "मग थोडं विरजण द्याल?" त्या पुटपुटल्या, आणि खिडकीबाहेर दिवे लागलेले पाहून चपापल्या. "छे, तिन्हीसांजेला विरजण मागू नये. सकाळी येते."

"अहो, दह्याला तिन्हीसांज. याला कसली? थांबा, वाटी घेते."

भाभींनी आपल्या टाकीतला स्पंज वाटीत पिळला. काळं, करडं, कसनुसं पाणी. साताऱ्यातल्या सर्वांत स्वच्छ बाईंनी ते पदराआड धरून, थेंब न सांडता, प्रसादासारखं वर नेलं.

"हेमा! घाण? आपल्या घरात?" मुकुंदराव खुर्चीतून उठलेच.

"घाण म्हणू नका. विरजण आहे. ओता तुम्हीच, माझ्या हातानं नको."

"तुझ्याच हातानं," ते म्हणाले, आणि हात मागे बांधून उभे राहिले.

बाईंनी डोळे मिटले आणि टाकीतल्या कधीच्या शिळ्या पाण्यात वाटी उपडी केली.

मग सुरू झालं ते भारी गमतीचं पर्व. पाण्यातल्या त्या अदृश्य, अनाम, अगणित जीवांना उपास घडू नये म्हणून रोज चिमूटभर खाऊ टाकायचा, असं भाभींनी बजावलं होतं. त्यामुळे रोज सकाळी दोन पिकली माणसं एका रिकाम्या टाकीला भक्तिभावानं जेवू घालत. दूधवाल्यानं ते दारातून पाहिलं आणि काही न बोलता पिशवी ठेवून तो निघून गेला.

पाणी पांढुरकं झालं. पिठूर, धुरकट, तांदळाच्या धुवणासारखं. बाईंचे हात शिवशिवले. फडकं उचललं, ठेवलं, उचललं, ठेवलं. पुण्याची नणंद आली, नाक मुरडून गेली. दही लागताना भांडं हलवायचं नसतं, एवढंच बाई स्वतःला सांगत राहिल्या.

आणि एका सकाळी धुकं आपोआप विरलं. पाणी निवळलं, काचेसारखं कोरं नव्हे, तर नांदत्या घरासारखं, किंचित पिवळसर, उबदार, जागं. भाभींनी त्यातलं थोडं पाणी नेऊन तपासलं आणि जिन्यातूनच ओरडल्या, "ताई, लागलं!"

मुकुंदरावांनी पिशवीतून दोन केशरी मासे आणले. बाई लांब उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या जवळ. आठवडा सरला, मासे ऐटीत होते, आणि एक पाणवनस्पती मुळातून सुटून वर आली. मुकुंदराव नेमके आंघोळीला गेलेले. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मन घट्ट करून हात पाण्यात घातला.

मासे आधी दूर पळाले. मग थबकले. मग शेपट्या हलवत, वळत, वळसे घेत आले, आणि त्यांच्या बोटांना लुचू लागले.

"अहो!" बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की न्हाणीघरातला तांब्या पडला. "अहो, या ना लवकर! गुदगुल्या करतायत मला!"

कोपरापर्यंत हात पाण्यात, हिरव्या बांगड्या पाण्यात, मार्गशीर्षाचं सारं सोनं पाण्यात. आणि त्या हाताभोवती, त्या हाताला बिलगून, दोन केशरी जीव फिरत होते, फिरत होते.